सुट्टी सर्वांना, पण एकाच दिवशी का?

उन्हाळ्याची सुट्टी म्हटली की आंबे, आजोळ आणि दुपारचे पत्त्यांचे डाव आठवतात. त्यावर आपण शाळेत निबंधही भरपूर लिहिले. मला मात्र या सुट्टीच्या एका रुक्ष अंगाविषयी लिहावयाचे आहे. ते अंग म्हणजे तिच्या तारखा.

नागपूरकरांना तारखांचे महत्त्व सांगावयास नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, कूलरही गरम वारा फेकू लागतो आणि जून अर्धा सरला तरी पावसाचा पत्ता नसतो. म्हणून विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर आठ-पंधरा दिवसांनी उघडतात. २०२४ साली तिकडे १५ जून, आपल्याकडे १ जुलै; २०२५ साली तिकडे १६ जून, आपल्याकडे २३ जून. ही सवलत उन्हामुळे मिळाली, पण तिच्यामुळे परतीची गर्दीही दोन भागांत विभागली जाते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

आपण जे उन्हापायी केले, ते काही देशांनी विचारपूर्वक केले आहे. जर्मनीतील १६ राज्यांची उन्हाळी सुट्टी एकाच दिवशी लागत नाही. १९६४ च्या हॅम्बुर्ग करारानुसार राज्ये आपसात तारखा वाटून घेतात आणि त्या कित्येक वर्षे आधी जाहीर होतात. फ्रान्सने हिवाळी व वसंत ऋतूतील सुट्ट्यांसाठी देशाचे तीन विभाग पाडले आहेत. नाताळची सुट्टी मात्र साऱ्या देशाला एकच.

येथेच आपल्याकडील मुख्य आक्षेपाचे उत्तर आहे. कोणी म्हणेल, "दिवाळी काय विभागवार साजरी करायची?" मुळीच नाही. सण सर्वांचा एकच राहो. उन्हाळ्याला मात्र तिथी नसते. मग विदर्भाची सुट्टी जशी उशिरा संपते, तशी ती लवकर सुरू का होऊ नये? एप्रिलमधील आपले ऊन काय कोकणासारखे असते? मामेभाऊ-आतेबहिणींच्या भेटी चुकतील अशी भीती नको. मे महिना सर्वांचा सामाईक राहीलच. कामाचे दिवस कमी पडतील, हे खरे. शिक्षणहक्क कायद्याने पाचवीपर्यंत २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस ठरविले आहेत. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीतील काही दिवस आपल्याला सोडावे लागतील. ही किंमत मला जड वाटत नाही.

दुसरी गोष्ट तारखा वेळेवर जाहीर करण्याची. २०२५ साली पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर ८ ते २५ एप्रिल या काळात घेण्याचे मार्चमध्ये ठरले. रेल्वेचे आरक्षण तर ६० दिवस आधी खुले होते. एप्रिलच्या मध्याची तिकिटे ज्यांनी फेब्रुवारीतच काढली, त्यांनी काय करावे?

हा प्रश्न केवळ सहलीचा नाही. विदर्भातील असंख्य तरुण पुण्यात नोकरी करतात. त्यांची मुले तेथे शिकतात आणि आजी-आजोबा येथे वाट पाहतात. रेल्वेत जागा नसली की खाजगी ट्रॅव्हल्सची पायरी चढावी लागते. त्यांचे भाडे एस.टी.च्या दीडपटीहून अधिक नसावे, असे शासनाने २०१८ साली ठरविले; तरी गर्दीच्या दिवसांत ते किती होते, हे प्रवास करणाऱ्यालाच विचारावे. ऐपत असणारा विमानाने येतो. ज्याला ते परवडत नाही, त्याची मुले त्या वर्षी आजोळी येतच नाहीत.

नव्या गाड्या सोडण्यास पैसा लागतो, रूळ लागतात. तारखा वाटून घेण्यास आणि त्या वर्षभर आधी सांगण्यास फक्त इच्छा लागते. आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील, काही शिक्षण खात्यात जातील. निदान त्यांनी तरी सुट्टीची तारीख ठरविताना फलाटावर उभ्या असलेल्या माणसाचा विचार करावा.