घड्याळ लावा, पण बैठकही वाढवा

शाळेत अभ्यासाची वेळ घंटा ठरवते. सुट्टीत भिलाईला हुडकोतल्या घरी घंटा नसते, म्हणून मी घड्याळ लावून बसतो. २५ मिनिटे अभ्यास, ५ मिनिटे विश्रांती ही पद्धत इटलीच्या फ्रान्सेस्को सिरिलो यांनी टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवरून बसवली. मन लागत नसेल तेव्हा ती उत्तमच. पण एनडीएचा गणिताचा पेपर सलग अडीच तासांचा असतो. प्रश्न १२०, म्हणजे एकाला सव्वा मिनिट. मध्ये विश्रांती नाही. म्हणून २५ वर थांबू नये. धावण्याचे अंतर आपण हळूहळू वाढवतो, तशीच बैठकही ५०, ९० आणि परीक्षेआधी १५० मिनिटांपर्यंत न्यावी. आईबाबांनी तेवढा वेळ हाक मारू नये, ही विनंती.