सही केली, पण पाठवली कुणाला?

दोन-तीन वर्षांपूर्वी एका रात्री ऑफिसचं काम संपवून लॅपटॉप मिटण्याआधी मी एका ऑनलाइन याचिकेवर सही केली. रेल्वेतली ज्येष्ठ नागरिकांची तिकीट सवलत पुन्हा सुरू करा, एवढीच मागणी होती. नाव, ईमेल, क्लिक. लिंक घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली आणि सोलापूरला अब्बांना फोन करून ऐटीत सांगितलं की तुमच्यासाठी सही केली.

अब्बांनी एकच विचारलं, "किसकू भेजे रे?"

मी परत लिंक उघडून पाहिली. पत्ता होता 'भारत सरकार'. अब्बा सूतगिरणीत तीस वर्षं होते, युनियनच्या कामात निवेदनं लिहिण्यात त्यांचा हात होता. ते हसले आणि म्हणाले, "सरकार म्हणजे कोण? कुठला साहेब? आवक नंबर मिळाला का?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. सह्यांच्या मोहिमांनी म्हाताऱ्या माणसांच्या सवलती वाचतात का, हे मी त्यानंतर जरा नीट तपासत गेलो. मला जे दिसलं ते सांगतो. उत्तर फार आनंदाचं नाही, पण निराश होऊन फोन खाली ठेवावा असंही नाही.

आधी आपल्याकडची गोष्ट. मार्च 2020 पर्यंत मेल-एक्स्प्रेस गाड्यांत 60 वर्षांवरच्या पुरुषांना भाड्यात 40 टक्के आणि 58 वर्षांवरच्या स्त्रियांना 50 टक्के सवलत होती. 20 मार्च 2020 ला, कोरोना पसरतोय, वृद्धांनी प्रवास टाळावा म्हणून ती थांबवली. अपंग, ठरावीक आजारांचे रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या सवलती तेवढ्या राहिल्या. साथ गेली, गाड्या भरून वाहू लागल्या, ज्येष्ठांची सवलत मात्र परत आली नाही. माहिती अधिकारात मिळालेल्या आकड्यांनुसार फेब्रुवारी 2025 पर्यंतच्या पाच वर्षांत 31 कोटींहून अधिक ज्येष्ठ प्रवाशांनी सवलतीशिवाय प्रवास केला आणि त्यातून रेल्वेला सुमारे 8,913 कोटी रुपये जादा मिळाले.

आमच्या धंद्यात एखादी सोय काढून टाकायची असेल तर ती कुणी एकदम पुसत नाही. आधी स्विच बंद करतात. तात्पुरता. मग सहा महिन्यांनी कुणाला आठवत नाही की तो कधी चालू होता. तिकीट काढायच्या फॉर्ममध्ये आजही वय विचारतात, ज्येष्ठांना खालचा बर्थ मिळावा अशी सोयही आहे. म्हणजे माणूस म्हातारा आहे हे यंत्रणेला पक्कं ठाऊक असतं, फक्त भाड्याच्या हिशोबात ते धरलं जात नाही. आणि याची तयारी कोरोनाच्या बरीच आधी सुरू झाली होती. 2016 पासून त्याच फॉर्ममध्ये ज्येष्ठांना विचारलं जाऊ लागलं होतं की सवलत घेणार की स्वेच्छेने सोडणार. जी गोष्ट हक्क वाटत होती ती एका चौकोनाने मेहेरबानी करून टाकली. तेव्हा कुणी याचिका काढल्याचं मला आठवत नाही. मीसुद्धा तो चौकोन एक चांगलं डिझाइन म्हणून पाहिला होता, हे कबूल करतो.

अब्बांच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. दर तीन महिन्यांनी ते अम्मीला घेऊन तपासणीसाठी हैदराबादला जायचे. सवलतीच्या रुग्णांच्या यादीत काचबिंदू बसत नाही. सवलत गेल्यावर दोघांच्या जाण्यायेण्यात जो फरक पडला तो माझ्या पगारात दिसणारही नाही इतका आहे. मी पैसे पाठवतोच. पण अब्बांचं पेन्शन हजारांत एकच आकडा असलेलं, आणि हैदराबादचं तिकीट ते त्यातून स्वतः काढायचे. आता मुलाला सांगावं लागतं, आणि ते सांगत नाहीत. तीन महिन्यांची तपासणी सहावर गेली, मग आठवर. डॉक्टरांनी गेल्या खेपेला डाव्या डोळ्याची नजर कमी झाल्याचं सांगितलं. अम्मीने मला ते दोन आठवड्यांनी सांगितलं. वृद्धांना फुकट किंवा अर्ध्या दरात काय मिळतं यावर टीव्हीवर वाद चालतो तेव्हा 'रेवडी' हा शब्द फार सहज वापरला जातो. प्रश्न त्या रुपयांपेक्षा कुणापुढे हात न पसरता घराबाहेर पडता येण्याचा आहे, हे मला उशिरा कळलं.

या सवलतीसाठी मागण्या कमी झाल्या नाहीत. संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीनेच शिफारस केली होती की निदान स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये तरी ती परत द्या. सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली, एप्रिल 2023 मध्ये फेटाळली गेली. हा धोरणाचा विषय, सरकारने ठरवावा, असं कोर्टाचं म्हणणं. आणि सरकारचं त्या वेळचं ठरलेलं उत्तर असं होतं की 2019-20 मध्ये प्रवासी तिकिटांवर 59,837 कोटींचं अनुदान दिलं गेलं, म्हणजे प्रत्येक प्रवाशाला सरासरी 53 टक्के सवलत आधीच मिळते. हे उत्तर मला इंजिनिअर म्हणूनही खटकतं. प्रत्येक प्रवाशात मीही आलो, तिशीतला, पगारदार. म्हाताऱ्यांना काय मिळतं या प्रश्नाचं हे उत्तर नव्हेच. पण याचिकेत नुसतं 'सवलत परत द्या' एवढंच असेल तर असं सरासरीचं उत्तर देऊन सुटता येतं.

मग सह्यांनी कुठेच काही वाचलं नाही का? यासाठी मला ब्रिटनची दोन उदाहरणं उपयोगी वाटतात, कारण तिथे एकाच संस्थेने, एज यूकेने, काही वर्षांच्या अंतराने दोन मोठ्या याचिका चालवल्या आणि निकाल वेगळे लागले.

पहिली टीव्ही लायसन्सची. तिथे घरी टीव्ही पाहायला दरवर्षी शुल्क भरावं लागतं, आणि 2000 पासून 75 वर्षांवरच्यांना ते माफ होतं. पैसे सरकार देत असे. 2015 मध्ये सरकारने बीबीसीशी ठरवलं की हा बोजा हळूहळू बीबीसीने उचलायचा, आणि पुढे माफी ठेवायची की नाही हेही बीबीसीनेच ठरवायचं. 2019 मध्ये बीबीसीने जाहीर केलं की आता फक्त 'पेन्शन क्रेडिट' घेणाऱ्या गरीब ज्येष्ठांनाच माफी. सहा लाखांवर सह्या झाल्या. ऑगस्ट 2020 मध्ये सरसकट माफी संपलीच. सरकार म्हणे निर्णय बीबीसीचा, बीबीसी म्हणे पैसे सरकारने काढून घेतले. सहा लाख सह्या दोन टेबलांच्या मधल्या जागेत पडल्या.

दुसरी हिवाळी इंधन भत्त्याची. थंडीत घर गरम ठेवायला वृद्धांना मिळणारे 200 ते 300 पौंड. जुलै 2024 मध्ये नव्या मजूर पक्षाच्या सरकारने तो गरिबांपुरता मर्यादित केला आणि सुमारे एक कोटी पेन्शनर त्यातून बाहेर पडले. पुन्हा एज यूकेची याचिका, पाच लाखांवर सह्या. सप्टेंबरमध्ये संसदेत मतदान झालं, सरकार 348 विरुद्ध 228 ने जिंकलं. इथपर्यंत गोष्ट पहिल्यासारखीच. पण या वेळी निर्णय कुणाचा हे लपलेलं नव्हतं. अर्थमंत्र्यांचं नाव होतं, कुठल्या खासदाराने कसं मत दिलं त्याची यादी होती. मे 2025 च्या स्थानिक निवडणुकांत मजूर पक्षाला जबर मार बसला, आणि 9 जून 2025 ला सरकारने माघार घेतली. इंग्लंड आणि वेल्समध्ये वर्षाला 35 हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या पेन्शनरांना, म्हणजे सुमारे 90 लाख लोकांना, भत्ता परत मिळाला. सगळ्यांना नाही. पण बहुतेकांना.

याचिकेने हे केलं असं मी म्हणणार नाही. मतदानाच्या पेटीने केलं. याचिकेने इतकंच केलं की दहा महिने तो विषय थंड होऊ दिला नाही आणि प्रत्येक खासदाराच्या दारात त्याच्याच मतदारसंघातली नावं नेऊन ठेवली. आणखी एक गोष्ट झाली, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. या सगळ्या गोंधळात बऱ्याच वृद्धांना पहिल्यांदा कळलं की आपण पेन्शन क्रेडिटला पात्र आहोत. त्यासाठीचे अर्ज एकदम वाढले.

आपल्याकडे असं टेबल नाही असं मला वाटायचं. आहे. संसदेच्या दोन्ही सभागृहांना याचिका समिती आहे आणि तिथे तुम्ही-मी अर्ज करू शकतो. राज्यसभेसाठी एका सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते. लोकसभेच्या नियमांत प्रत्येक सही करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पत्ता लागतो, लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो, आणि शेवटी नेमकी मागणी काय ते लिहावं लागतं. मराठीत लिहिली तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडायचं. अब्बांच्या पिढीच्या अर्जासारखंच आहे हे. क्लिकने भागत नाही.

आणि त्याने काय होतं याचा नमुना अब्बांच्याच पेन्शनमध्ये आहे. कर्मचारी पेन्शन योजना 1995, म्हणजे ईपीएस-95, यावर राज्यसभेच्या याचिका समितीने 2013 मध्ये अहवाल दिला. अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपले राज्यपाल झाले. समितीने किमान पेन्शन 3,000 रुपये करा म्हटलं. सरकारने सप्टेंबर 2014 पासून 1,000 केलं. एक तृतीयांश. पण त्याआधी किमान असं काही नव्हतंच, लोकांना महिन्याला शे-दोनशे रुपये मिळत होते. आजही पेन्शनरांच्या आंदोलनात तो अहवाल हातात धरून बोललं जातं. ऑनलाइन याचिकेची लिंक दहा वर्षांनी कुणी हातात धरेल का?

ज्या सवलती कुणी काढून घेत नाही, नुसत्या सडू देतं, त्यांचं काय, हा प्रश्न मात्र मला सुटलेला नाही. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये 60 ते 79 वयाच्या माणसामागे केंद्राचा वाटा महिना 200 रुपये आहे, दीड दशकाहून जास्त काळ तेवढाच. इथे स्विच बंद झाल्याची तारीख नाही, त्यामुळे संतापाचीही तारीख नाही.

एसटीत ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे, 65 ते 75 ला अर्धं तिकीट. चालू आहे तोवर कुणाला याचिका सुचणार नाही. पण ती एका शासन निर्णयावर उभी आहे, आणि दुसऱ्या शासन निर्णयाने बसू शकते. ब्रिटनमध्ये सरकारने जबाबदारी बीबीसीकडे सरकवली तेव्हा, 2015 मध्येच, आरडाओरडा व्हायला हवा होता. सह्या 2019 मध्ये आल्या.

आपल्या वयाच्या मुलांच्या फोनमध्ये याचिकांची कमी नाही. बऱ्याच आपल्यावरच्या अन्यायाच्या असतात आणि त्या असायलाच हव्यात. पण रेल्वेच्या सवलतीची याचिका घेऊन मी जेव्हा सोलापुरात कागदावर सह्या गोळा करायला बसलो, तेव्हा पहिल्यांदा जुम्माच्या नमाजनंतरच्या गर्दीतून उठून मी शेजारच्या बागेतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर गेलो. तिथे बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी माझा मसुदा लाल पेनाने दुरुस्त केला. "मागणी तीन ओळींत बसली पाहिजे," म्हणाले. मोहल्ल्यात वेगळी अडचण आली. नाव-पत्ता लिहून द्यायला लोक कचरतात, सीएए-एनआरसीच्या दिवसांपासून तर जास्तच. त्यांना दोष देता येत नाही. एका खालांनी सही नाकारली आणि मग विचारलं, कागदपत्रं जमवायला येतोस का, श्रावणबाळचं करायचं आहे. महिना दीड हजार मिळतात त्याचे. 65 पूर्ण होऊन त्यांना चार वर्षं झाली होती, उत्पन्नाचा दाखला कुणी काढून दिला नव्हता. त्या दिवशी सह्यांपेक्षा असे अर्जच जास्त भरले गेले.

आता 186 नावं आहेत, त्यात 23 अंगठे. भाषांतर मी केलंय, काकांनी तपासलंय. मागणी फक्त स्लीपर आणि थर्ड एसीची, कारण संसदेच्या समितीने तेवढी आधीच मान्य केली आहे. खासदारांच्या कार्यालयात दोनदा जाऊन आलो, पुढच्या सोमवारी या म्हणालेत. अब्बा सोबत येणार आहेत. हैदराबादची तारीख त्याच आठवड्यात आहे, या वेळी तिकिटं मी न विचारता काढली, त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.