गोळी दिली की जबाबदारी संपली काय?



महागाई भत्ता, बोनस, रिक्त जागा, कंत्राटीकरण या प्रश्नांवर आम्ही या पानांतून वारंवार लिहितो. आजचा प्रश्न मात्र शाखासभेत कोणी उठून मांडत नाही. सभा आटोपली, सतरंज्या गुंडाळल्या, की एखादा कामगार मागे रेंगाळतो आणि हळूच सांगतो, "सेक्रेटरीसाहेब, मला डोक्याच्या गोळ्या चालू आहेत, कुठे बोलू नका." कोणाला फिटच्या, कोणाला उदासीनतेच्या, कोणाच्या घरी बायकोला किंवा तरण्या मुलाला मनोविकाराच्या. निवृत्तांमध्ये कंपवाताच्या गोळ्या खाणारे तर ठिकठिकाणी आहेत. रात्रपाळ्या, मोडलेली झोप आणि एका माणसावर दोघांचे काम हे ज्यांच्या वाट्याला आले त्यांच्यात हे दुखणे निघाले तर नवल कसले?

हा प्रश्न आम्ही एका बैठकीत प्रशासनापुढे ठेवला. उत्तर मिळाले ते असे: तज्ज्ञ डॉक्टर ठरल्या दिवशी येतात, औषध खिडकीवर मिळते, औषध देणे आमचे काम आणि ते नीट घेणे रुग्णाचे काम; आता आणखी काय पाहिजे? आणखी परिचारिका पाहिजे, साहेब. या औषधांची माहिती असलेली, रुग्णाशी दोन मिनिटे बोलायला वेळ असलेली, कायम नोकरीतली परिचारिका पाहिजे. ही औषधे खोकल्याच्या बाटलीसारखी नाहीत. प्रमाण थोडे चढले तर विष, थोडे उतरले तर दुखणे परत. मधली वाट अरुंद आहे आणि त्या वाटेवर रुग्णाला सांभाळणारे माणूस म्हणजे सिस्टर.

हे हवेतले बोलणे नव्हे. आमच्या ओळखीच्या एका वर्कशॉपमधील स्टोअरच्या खलाशाला वर्षानुवर्षे फेनिटॉइन चालू होते. मध्येच एक फिट आली म्हणून डॉक्टरांनी रोजची एक गोळी वाढवली. आता या औषधाची खोड अशी, की एका मर्यादेपर्यंत शरीर ते पचवते आणि त्यापुढे पचवू शकत नाही. गोळी एकच वाढते, पण रक्तातले प्रमाण दुप्पट-तिप्पट होऊ शकते. तीन आठवड्यांत हा माणूस झोकांड्या खाऊ लागला, जीभ जड झाली, बोलणे अडखळू लागले. सुपरवायझरने काय केले? दारू पिऊन ड्यूटीवर आला म्हणून मेमो दिला. श्वासाच्या यंत्रात काही निघाले नाही, तरी एसएफ-5 ची चार्जशीट टाइप होऊ लागली. माळकरी माणूस, आयुष्यात दारूला शिवला नव्हता. लाजेने त्याने घराबाहेर पडणे सोडले.

त्याला वाचवले कोणी? युनियनने नव्हे, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. हाताच्या जखमेचे ड्रेसिंग करायला तो इस्पितळात गेला, तेव्हा तिथल्या एका जुन्या सिस्टरने त्याचे डोळे पाहिले. बाजूला बघायला सांगितले की बुबुळे थरथरत होती. तिने त्याला सरळ रेषेत चालायला लावले, कोणती गोळी किती खातोस ते विचारले, आणि ड्रेसिंग बाजूला ठेवून त्याला थेट डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासले, गोळी कमी झाली, आठपंधरा दिवसांत माणूस सरळ चालू लागला. डॉक्टरचा कागद आल्यावर चार्जशीट पुढे गेली नाही.

ती सिस्टर पुढे निवृत्त झाली. तिची जागा भरली नाही, नंतर ती सरेंडर झाली. कागदावर एका पदाची बचत दिसली आणि बचत करणाऱ्याची पाठ थोपटली गेली.

आता लिथियमचे पाहा. मन एकदा आभाळाला टेकते आणि एकदा पाताळात जाते, अशा आजारावर हे औषध 1949 पासून जगाला माहीत आहे. स्वस्त आहे आणि गुणकारी आहे. पण रक्तातले त्याचे प्रमाण साधारण लिटरमागे 0.6 ते 1.0 मिलिमोलच्या आत ठेवावे लागते; दीडच्या वर गेले की धोका सुरू. अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले की हे प्रमाण चढते. आणि आमचा ट्रॅकमन मे महिन्यात भुसावळ-नागपूरच्या उन्हात कुठे असतो? पंख्याखाली? घाम गाळून, वर जुलाब लागले, कंबर दुखते म्हणून दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी आणून खाल्ली, की लिथियम चढायला आणखी हातभार लागतो. हात जोराने थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो, आणि गँगमधले म्हणतात, याला ऊन लागले. भरपूर पाणी पी, मीठ एकाएकी तोडू नको, अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय खाऊ नको, रक्त द्यायला येशील तेव्हा आदल्या गोळीला 12 तास होऊ दे, ठरल्या मुदतीने मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी कर, ही पाच वाक्ये त्याला कोण सांगणार? तासाभरात पन्नास रुग्ण काढणारा डॉक्टर? त्याला आम्ही दोष देत नाही, त्याच्याही जागा रिकाम्याच आहेत.

हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने काही रुग्णांची, विशेषतः तरण्या मुलांची, पहिल्या दोनचार दिवसांत मान वाकडी होते, डोळे वर चढतात, जीभ बाहेर ओढली जाते. पाहणाऱ्याचा थरकाप होतो. योग्य इंजेक्शन दिले तर थोड्या वेळात उतरते. पण घरच्यांना कोणी आधी कल्पना दिली नसेल तर ते काय समजणार? अंगात आले. मग औषध बंद आणि देवऋषाकडे रांग. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे साखळीने बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत मेले, ते काही रस्त्यावरून उचलून आणलेले नव्हते. बहुतेकांना घरच्यांनीच बऱ्या आशेने तिथे ठेवले होते. त्या घरच्यांना नुसती नावे ठेवण्यात काय अर्थ आहे? एखाद्या सिस्टरने वेळीच जवळ बसवून समजावले असते तर त्यांतले काही तरी तिथे गेले नसते, असे आम्हाला वाटते.

टपाल खात्यातील साथींचे दुखणे वेगळे. सीजीएचएस शहरापुरते, बाकीच्यांना 1944 च्या नियमांखाली बिले जोडत बसायचे, आणि ग्रामीण डाकसेवकाला तर तेही नाही. आरएमएसमधून निवृत्त झालेला एक सॉर्टर कंपवाताने आजारी. आयुष्यभर गाडीच्या वेळेवर टपाल छाटलेला माणूस, लेव्होडोपाची गोळी घड्याळ लावून घेत असे, कारण वेळ चुकली की अंग लाकडासारखे होते. तो इस्पितळात भरती झाला आणि गोळ्या वॉर्डाच्या वेळेप्रमाणे मिळू लागल्या. रात्री तीस-पस्तीस खाटांना एक सिस्टर. ती तरी काय करणार? दुसऱ्या दिवशी त्याला कूस बदलता येईना आणि घास गिळता येईना. मुलाने तक्रार केली तर "वयोमानाने होते" असे उत्तर. वयोमानाने नव्हे, वेळ चुकल्याने झाले. इंडियन नर्सिंग कौन्सिलचे प्रमाण सामान्य रुग्णालयात 5 रुग्णांमागे 1 परिचारिका असे आहे. ते प्रमाण कागदावर आहे आणि ती सिस्टर वॉर्डात एकटी आहे.

औषधाच्या खिडकीवर "नॉट अव्हेलेबल" हा शिक्का तर आमच्या पाठीलाच लागला आहे. तापाची गोळी आठवडाभर नसेल तर माणूस बाहेरून आणतो. फिटचे औषध एकाएकी तुटले तर फिटवर फिट येऊन जीव जाऊ शकतो. पाच मिनिटांत थांबली नाही ती फिट म्हणजे तातडीचा प्रसंग, हे प्रत्येक शाखेत माहीत असावे. (कांदा हुंगवणे, तोंडात चमचा घालणे हे प्रकार बंद करा, कुशीवर वळवा आणि गाडी बोलवा.) उदासीनतेच्या औषधाचे उलटे. त्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि मळमळ मात्र पहिल्या दिवसापासून. पोस्टमन आठव्या दिवशी गोळ्या फेकून देतो. त्याला थांब म्हणायला कोणी नसते. आणि खिडकीवरून गोळीचे नाव मोठ्याने पुकारण्याची जी रीत काही ठिकाणी आहे, ती ज्याने पाडली त्याला स्वतःच्या भावाचे नाव असे पुकारलेले चालेल काय?

आता प्रशासनाची आवडती ढाल: सुरक्षा. गाडी चालवणाऱ्याला फिट येत असेल तर त्याने इंजिनावर चढू नये, हे आम्हीच आधी म्हणतो. प्रवासी आमचेही सगेसोयरे आहेत. पण गोळी सांगितली की डिकॅटेगराइज, मग महिनोन् महिने स्क्रीनिंग कमिटीची वाट, आणि सहकाऱ्यांत "वेडा" हे नाव. असे असेल तर माणूस पीएमईला गोळी लपवणारच. लपवलेली गोळी सुरक्षेला जास्त घातक की सांगितलेली? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 20(4) सांगते, की नोकरीत असताना अपंगत्व आले तर काढता येणार नाही, दर्जा उतरवता येणार नाही. त्याच वेतनावर दुसरे काम द्या, नाहीतर जादा पद निर्माण करून सांभाळा. मानसिक आजाराने आलेले अपंगत्वही या कायद्यात मोडते. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात मनोविकार असलेल्या कर्मचाऱ्यावरील खात्यांतर्गत चौकशी रद्द केली. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे आणि त्याचे कलम 18 सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेचा हक्क प्रत्येकाला देते. कायदे आहेत, आमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहेत? आणि किती अधिकाऱ्यांना?

आमच्यातल्या काही जुन्या कार्यकर्त्यांनाही दोन शब्द. "युनियनने वेड्यांचे खटले लढायचे काय?" असे एका शाखेत आम्ही ऐकले. हो, लढायचे. गँगमध्ये कोणी गप्प राहिला की "याचा स्क्रू ढिला" म्हणून हसणारे लोक आपलेच सभासद असतात.

मागणी आम्ही साधी ठेवली आहे. प्रत्येक मंडल इस्पितळात मनोरुग्ण परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम केलेली किमान एक परिचारिका किंवा ब्रदर प्रत्येक पाळीला असावा. हा अभ्यासक्रम देशात चालतो. आपल्याच सिस्टर्सना पगारी रजेवर पाठवा, त्या शिकून येतील. सरेंडर केलेली पदे परत करा. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरची मुलगी रुग्ण ओळखू लागते तोवर तिला घरी पाठवता, ते थांबवा. फिटची आणि मनोविकाराची औषधे तीन महिन्यांच्या साठ्याने ठेवा. सूचनांचा कागद रुग्णाच्या भाषेत द्या. केरळच्या भगिनींनी आमच्या इस्पितळांत येऊन मोडक्या मराठीत आमच्या आयाबायांना धीर दिला, तसे इटारसी, हुबळी, सिकंदराबादच्या आमच्या मराठी माणसालाही त्याच्या भाषेत दोन ओळी मिळाव्यात. रात्री-अपरात्री बोलायला कोणी नसेल तर ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. तो शाखेच्या फलकावर लावा. पण फोन हा सिस्टरच्या जागेचा बदला होऊ शकत नाही, हे प्रशासनाने ध्यानात ठेवावे.

शाखा सचिवांनी पुढील पीएनएमपूर्वी आम्हाला तीन गोष्टी लेखी कळवाव्यात: आपल्या इस्पितळात परिचारिकांची मंजूर पदे किती व भरलेली किती, गेल्या सहा महिन्यांत फिटची किंवा मनोविकाराची कोणती औषधे किती दिवस मिळाली नाहीत, आणि औषधाच्या परिणामाला दारू किंवा कामचुकारपणा समजून कोणाला मेमो मिळाला आहे काय. कामगाराचे नाव त्या कागदावर लिहू नये. फक्त डेपो आणि महिना लिहावा.