प्लग पुसला, पण झाकणही उघडलं होतं

पऱ्हाटीवर फवारणी सुरू झाली की अकोला-अमरावती पट्ट्यात टू-स्ट्रोक पंपाच्या दुरुस्तीचे सल्लेही सुरू होतात. पंप घेऊन वर्ष न झालेला शेतकरी शेजाऱ्याला सांगतो, ‘प्लग पुसून पाहा भाऊ, माझा झाला चालू.’ नवख्यानं असं शहाणपण शिकवू नये, असं मिस्त्री लोकांचं मत. ते पटण्यासारखं नाही. खोट नवखेपणात नसते. सांगताना काय गाळलं, त्यात असते.

एक नेहमीचा बिघाड घ्या. थंडा पंप लगेच सुरू होतो, वीस-पंचवीस मिनिटांनी घरघरतो आणि बंद पडतो. दोरी ओढून खांदा भरून येतो. मग प्लग काढून काजळी पुसायची, सहज टाकीचं झाकण उघडून पेट्रोल किती उरलं ते पाहायचं, झाकण लावायचं, की इंजिन सुरू! श्रेय प्लगला. प्रत्यक्षात झाकणातलं हवेचं बारीक छिद्र मातीनं बुजलेलं असू शकतं. बाहेरची हवा आत येत नाही, त्यामुळे पेट्रोल कार्बोरेटरकडे सरकत नाही. झाकण उघडताच हवा शिरते आणि काम तेवढ्यापुरतं भागतं. ‘प्लग पुसला’ एवढंच सांगितलं तर गावभर प्लग पुसले जातील. ‘झाकणही उघडलं होतं, आणि अर्ध्या तासानं पुन्हा बंद पडला’ हेही सांगितलं, तर जाणकाराला कारण बसल्या जागी कळेल. नवख्याचं निदान चुकलं तरी चालेल, हकिकत पूर्ण हवी.

याच घराण्यातलं, पण जास्त लहरी इंजिन म्हणजे खेळण्यातल्या मोटारींचं नायट्रो इंजिन. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि ऑईल यांच्या मिश्रणावर चालणाऱ्या या इंजिनाला ठिणगी लागत नाही. एकदा पेटलं की प्लगमधली प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या संपर्कानं तापलेली राहते. वंगण इंधनातच असल्यानं इंधनाचा स्क्रू जास्त आवळला की इंजिन तापतं आणि कोरडंही पडतं. जानेवारीत बसवलेला स्क्रू मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे गेल्यावर, जुळत नाही; तापलेली हवा विरळ असते. म्हणून ‘स्क्रू पाव फेरा आवळा’ हा सल्ला ऋतू आणि धुराचा रंग सांगितल्याशिवाय बिनकामाचा.

अर्धवट ज्ञान पसरण्यापेक्षा मिस्त्रीकडेच जावं, असा आक्षेप येईल. ऐन हंगामात मिस्त्रीकडे रांग असते, हे एक. शिवाय मुरलेला हात निम्म्या गोष्टी न बोलता करतो. नवखा जिथे अडला ती पायरी त्यालाच आठवते. लिटरभर पेट्रोलमध्ये ४० मिलि ऑईल घातलं की २० मिलि, हे तो मोजून सांगू शकतो. मिस्त्री ‘अंदाजानं’ म्हणतो.

आक्षेपाचा एक भाग मात्र खरा आहे. ऑईलची चूक इंजिनावर निभावते, काही चुका माणसावर येतात. मिथेनॉलची ज्योत भर उन्हात जवळपास दिसत नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं २०हून अधिक जीव गेले. तुंबलेलं नोझल तोंडानं फुंकायचा सल्ला नवख्यानं दिला काय आणि जुन्यानं दिला काय, तिथेच थांबवावा. त्या कामाला जुना टूथब्रश पुरतो.