स्पीड वाढवण्याआधी वायर ओढा

आपल्या जिल्ह्यातील लहान दुकानदाराचा गल्ला आता काही लाकडी पेटीत तर काही मोबाईलमध्ये जमा होतो. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि पाहता पाहता धाराशिवच्या बाजारपेठेपासून उमरगा, परंडा, कळंबच्या आठवडी बाजारापर्यंत शिंपी, पंक्चरवाले, फळविक्रेते अशा सर्वांच्या टपरीवर तो चौकोनी कागद चिकटला. म्हणजे इंटरनेट ही आता चैनीची वस्तू राहिलेली नसून तराजू-मापांप्रमाणेच धंद्याचे साधन झाले आहे. परंतु तराजू बिघडला तर आपण आधी तो तपासतो. नेट अडले की मात्र न तपासताच मोठ्या स्पीडचा महागडा प्लॅन घेऊन मोकळे होतो. ही सवय नुकसानीची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एका यूपीआय व्यवहाराला नेट अत्यंत थोडे लागते. मागे मुले अभ्यासाचा व्हिडिओ पाहत असली तरी साधा प्लॅन दोन्हींना सहसा पुरतो. तरीही पैसे अडकतात, कारण खोळंबा बहुधा कंपनीच्या लाइनवर नसून राउटर आणि आपला हात यांच्यामध्ये असतो. पुढे दुकान, मागे किंवा वर घर, अशी आपल्याकडील रचना आहे. जुन्या पेठांतील दगड-मातीच्या जाड भिंती वायफायच्या लहरी अडवतात. १९९३ च्या भूकंपानंतर ज्यांनी काँक्रीट व सळईची घरे बांधली, त्यांच्याकडेही तीच अडचण आहे. पत्र्याचे छत, लोखंडी कपाट आणि शटर हे तर लहरींचे वैरीच. अशा घरात राउटर कपाटामागे किंवा फ्रिजशेजारी ठेवून स्पीड दुप्पट केला तरी दुकानात काय पोहोचणार? विहिरीला पाणी भरपूर असून पाइप फुटका असावा, तसा हा प्रकार आहे.

राउटरमध्ये बहुधा दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीपलीकडे जास्त पोहोचतो, पण शेजाऱ्यांच्या राउटरमुळे तेथे गर्दी होते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंत आली की लगेच कमजोर पडतो. काहीजण यावर सिग्नल वाढवणारा एक्स्टेंडर आणतात. परंतु साधा एक्स्टेंडर एकाच लहरीवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग जवळपास निम्म्यावर येतो. त्यापेक्षा घरातून दुकानापर्यंत एक चांगली नेटवर्क वायर ओढून तेथे दुसरा साधा राउटर लावावा. तो ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर ठेवावा, नाहीतर दोन्ही राउटर आपापले पत्ते वाटू लागतात आणि गोंधळ उडतो. अशी वायर १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते. आपल्या घर-दुकानासाठी एवढे अंतर पुष्कळ झाले.

वायर घेताना मात्र कारागिराची नजर हवी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर बाजारात सर्रास मिळते. तार ब्लेडने खरवडून पाहावी. आत पांढरी निघाली तर परत करावी.

भाड्याच्या दुकानात भिंत कशी फोडायची, असे काही बांधव विचारतील. भिंत फोडण्याची गरज नाही. कडेने प्लास्टिकची पट्टी मारून वायर नेता येते आणि दुकान सोडताना काढूनही नेता येते. प्लॅनचे जादा पैसे दरमहा जातात, वायरचा खर्च मात्र एकदाच होतो.

आता बिघाड शोधण्याविषयी. गॅरेजमधला जाणता उस्ताद गाडी आली की लगेच इंजिन खोलत नाही. आधी पेट्रोल, मग प्लग, असे एकेक पाहतो. तीच रीत येथे लागू पडते. नेट सर्वच मोबाईलवर बंद आहे की एकाच? एकावरच असेल तर दोष त्या मोबाईलचा. राउटरजवळ उभे राहिल्यावर चालते का? चालत असेल तर दोष भिंतीचा. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल तर काच-तार तुटली किंवा फार वाकली आहे, तेथे बटण दाबून उपयोग नाही, तक्रारच नोंदवावी. बाकी सर्व चालते, पण पैसेच जात नाहीत, तर अडचण बहुधा बँकेकडील आहे. अशा वेळी गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरील चित्रावर विसंबू नये, आपल्या खात्यात रक्कम आली का ते पाहावे. त्याच्या खात्यातून कापली गेली आणि आपल्याला मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे दुकानातील व्यवहाराची रक्कम ५ दिवसांत त्याला परत मिळाली पाहिजे. त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई आहे. हे गिऱ्हाइकाला शांतपणे सांगता आले तर भांडण टळते आणि गिऱ्हाईकही टिकते.

विजेकडेही लक्ष द्यावे. वीज गेली की राउटर बंद पडतो, पण बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात; त्यांच्यासाठी लहान बॅटरी-बॅकअप मिळतो. मृगापूर्वीच्या विजांच्या कडकडाटात राउटरचा प्लग काढून ठेवावा आणि घराचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे.

शेवटी आपल्या वायरमन व मोबाईल दुरुस्तीच्या कारागिरांना एक सूचना. नेटवर्कची वायर ओढणे, तिची टोके नीट बसवणे आणि दोष शोधणे हे शिकायला फार दिवस लागत नाहीत आणि भांडवलही थोडेच लागते. आज प्रत्येक पेठेत या कामाची गरज आहे. हे काम हातात घेतले तर दुकानदाराचा फुकट जाणारा पैसा वाचेल आणि त्यातला रास्त हिस्सा कारागिराच्या घरी मेहनतीची कमाई म्हणून येईल.