लग्न हा उपचार नव्हे

समलैंगिकता 'बरी करण्याचे' उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले. त्यामागे मद्रास उच्च न्यायालयाचा रेटा होता. तेथील न्या. आनंद व्यंकटेश यांनी अशा उपचारांना मनाई करणारा 2021 चा आदेश देण्याआधी स्वतः मानसशास्त्रज्ञासमोर बसून हा विषय समजून घेतला. ही तयारी आपल्याकडे किती समुपदेशक दाखवतात? घरच्यांच्या धाकाने खचलेला समलैंगिक तरुण मदत मागायला जातो आणि 'लग्न कर, सगळे सुरळीत होईल' असे ऐकून परततो. हा सल्ला क्रूर आहे. त्यात एका बेसावध मुलीचेही आयुष्य भरडले जाते. शिवाय आयोगाचा नियम डॉक्टरांपुरता. पाटी लावून बसलेल्या बाकीच्या समुपदेशकांनाही तो सरकारने लागू करावा आणि तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवावे.