मलब्यातलं गाव

चंदीगडचं रॉक गार्डन म्हटलं की आपण लगेच 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून मोकळे होतो. मला हे पटत नाही.

नेकचंद हे पी.डब्ल्यू.डी.तले साधे रोड इन्स्पेक्टर. १९४७ च्या फाळणीत त्यांचं गाव पाकिस्तानात राहिलं. पुढे नवं चंदीगड वसवायला तिथली जुनी गावं पाडली गेली. त्या मलब्यातल्या फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशा त्यांनी वेचल्या आणि सरकारी जंगलात, कुणाला पत्ता लागू न देता, त्यांतून माणसं उभी केली. १९७६ साली ते गार्डन सगळ्यांसाठी खुलं झालं.

आजी बांगडी 'फुटली' म्हणत नाही, 'वाढवली' म्हणते. कारण ती नुसती काच नसते, कुणाच्या तरी हातातली असते.

उद्या आपणही ड्रॉइंगवर बिनधास्त 'साइट क्लिअर' लिहू. एस्टिमेटमध्ये मलबा वाहून न्यायचा खर्च धरतात, गेलेल्या गावाला मात्र कॉलमच नसतो. नेकचंदांनी तो कॉलम भरला. पाडण्याआधी निदान एकदा वाकून बघायला आपल्याला काय हरकत आहे?